पेरॉन दांपत्य : सत्तेपर्यंत कोणी कोणाला पोहोचवले?

प्रश्न — फोंड्याची वाचक

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा चर्चा भरते. या वेळी विषय निघाला तो राजकारणातील पती-पत्नींचा. २०२२ च्या निवडणुकीत आपल्या चाळीस सदस्यांच्या विधानसभेत तीन जोडपी निवडून आली, त्यामुळे या विषयावर बोलायला गोव्यात कोणालाच उदाहरण शोधावे लागत नाही. मात्र स्थानिक नावे निघाली की चर्चा लगेच पक्षावर जाते, म्हणून आम्ही ठरवून दूरचे उदाहरण घेतले : अर्जेंटिनाचे हुआन पेरॉन आणि त्यांची पत्नी एवा, जिला तेथील लोक एविता म्हणत.

चर्चेत दोन मते पडली आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत ठाम राहिल्या. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, ऑक्टोबर १९४५ मध्ये पेरॉन कैदेत असताना एवाने कामगारांना रस्त्यावर उतरवले नसते तर त्यांचे राजकारण तेथेच संपले असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, एवा ही साधारण वकुबाची नटी होती, एका बलाढ्य कर्नलशी तिचे लग्न झाले आणि बाकी सारे त्या लग्नातून आले. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, पण का अपुरी वाटतात हे मला नीट मांडता आले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ही कथा नाटक-सिनेमांतून माहीत आहे, आणि तेथे सोयीप्रमाणे प्रसंग जुळवलेले असतात.

म्हणून जाणकारांना विचारते. भेट होण्यापूर्वी ही दोन माणसे कोणत्या परिस्थितीतून आली होती? पेरॉन यांचा पाया कशावर उभा होता? आणि १७ ऑक्टोबर १९४५ ला नेमके काय झाले? सविस्तर लिहिले तर पुढच्या चर्चेत वाचून दाखवीन.

उत्तर — मडगावचा इतिहास शिक्षक

ताई, प्रश्न चांगला विचारलात. दोघांच्या बालपणापासून सुरुवात करतो, कारण पुढच्या अनेक गोष्टींची मुळे तेथे आहेत.

हुआन दोमिंगो पेरॉन यांचा जन्म अधिकृत नोंदीनुसार ८ ऑक्टोबर १८९५ रोजी ब्युनॉस आयर्स प्रांतातील लोबोस या गावी झाला. आजोबा नामवंत डॉक्टर होते आणि सिनेटचे सदस्यही होते. वडील मारियो यांनी मात्र शिक्षण अर्धवट सोडून शेती-जनावरांचा मार्ग धरला. आई हुआना सोसा यांच्या घराण्यात तेथील मूळ रहिवाशांचे रक्त होते. मुलगा जन्मला तेव्हा आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते. ते १९०१ मध्ये झाले. हे कुटुंब दक्षिणेकडे पातागोनियात मेंढपाळीसाठी गेले, आणि वाऱ्या-बर्फाच्या त्या ओसाड मुलखात हुआनचे लहानपण गेले. पुढे शिक्षणासाठी त्याला ब्युनॉस आयर्सला नातेवाइकांकडे ठेवण्यात आले, १९११ मध्ये तो सैनिकी महाविद्यालयात दाखल झाला आणि १९१३ मध्ये पायदळाचा अधिकारी होऊन बाहेर पडला.

यानंतरची सुमारे तीस वर्षे ते एका सैनिकाचे साधे, शिस्तशीर आयुष्य जगले, आणि कथा सांगताना हाच भाग सगळे जण वगळतात. पेरॉन तलवारबाजीत निपुण होते, मुष्टियुद्ध खेळत, आणि युद्धशास्त्राच्या उच्च विद्यालयात लष्करी इतिहास शिकवत. १९२९ मध्ये त्यांचे आउरेलिया तिसोन यांच्याशी लग्न झाले. १९३८ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. त्यानंतर १९३९ मध्ये त्यांना इटलीला पाठवण्यात आले आणि मुसोलिनीची राजवट त्यांनी जवळून पाहिली. त्यांच्यावर फॅसिस्ट असल्याचा जो आरोप पुढे आयुष्यभर होत राहिला, त्याचे एक कारण हा मुक्काम आहे. माझ्या मते त्यांनी तेथून सर्वांत महत्त्वाची एक गोष्ट घेतली : संघटित कामगार हा राज्याचा शत्रू असण्याऐवजी राज्याचा आधार होऊ शकतो. सैन्यातल्या त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना हे दिसलेच नव्हते.

आता एवा. तिचा जन्म ७ मे १९१९ चा, लोस तोल्दोस या पंपास मैदानातील लहान गावाजवळचा. आई हुआना इबार्गुरेन, वडील हुआन दुआर्ते. दुआर्ते हे जमीनदारीचे व्यवस्थापन पाहत आणि त्यांची विवाहाची पत्नी व मुले चिविलकोय या दुसऱ्या गावी होती. लोस तोल्दोसच्या घरात पाच मुले झाली, एवा त्यांत सर्वांत धाकटी. काही काळाने वडील आपल्या पहिल्या कुटुंबाकडे परतले आणि १९२६ मध्ये मोटार अपघातात वारले. आई पाचही मुलांना घेऊन चिविलकोयला अंत्यदर्शनासाठी गेली, तेव्हा तेथे आधी त्यांना अडवण्यात आले आणि बऱ्याच रदबदलीनंतर अंत्ययात्रेत मागून चालू देण्यात आले, असे सांगितले जाते. सहा वर्षांच्या मुलीने हे पाहिले असेल तर ते तिच्या मनातून कधी गेले नसणार. आपल्याकडेही जुन्या पोर्तुगीज अमलातील नोंदींमध्ये मुलाच्या नावासमोर वडिलांचे नाव आहे की नाही यावर माणसाची प्रतिष्ठा ठरत असे. तेव्हा गोव्याच्या वाचकाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

वडील गेल्यावर आईने शिवणयंत्रावर मुले पोसली. १९३० मध्ये कुटुंब हुनीन या रेल्वेच्या मोठ्या गावी गेले. तेथे आई बाहेरच्या लोकांना जेवण करून देई. जानेवारी १९३५ मध्ये, पंधराव्या वर्षी, एवा नटी होण्यासाठी ब्युनॉस आयर्सला गेली. एका प्रसिद्ध टँगो गायकाबरोबर ती पळून गेली ही कथा सिनेमांमुळे सर्वत्र पसरली आहे. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि कुटुंबीयांच्या सांगण्याप्रमाणे आई स्वतः तिला सोडायला गेली होती. मार्च १९३५ मध्ये तिला रंगभूमीवर पहिली छोटी भूमिका मिळाली. पुढची काही वर्षे हलाखीची होती : लहानसहान भूमिका, स्वस्तातल्या खोल्या, फिरत्या नाटक मंडळ्या.

तिचा जम बसला तो रंगभूमीवर नव्हे, रेडिओवर. त्या काळी श्रुतिकामालिका घराघरांत ऐकल्या जात. १९४३ पर्यंत ती रेडिओ बेलग्रानोवर चांगले मानधन मिळवणारी कलाकार झाली होती आणि इतिहासातल्या थोर स्त्रियांच्या जीवनावरील एका मालिकेत राण्या-सम्राज्ञींच्या भूमिका करत होती. त्याच सुमारास रेडिओ कलाकारांची संघटना स्थापन करण्यात तिचा सहभाग होता, आणि १९४४ मध्ये ती तिची अध्यक्ष झाली. म्हणजे पेरॉन भेटले तेव्हा ती निराधार नव्हती. स्वतःच्या कमाईवर उभी असलेली पंचवीस वर्षांच्या आतबाहेरची स्त्री होती. "लग्नातून सारे आले" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, ही माझी विनंती आहे.

उत्तर — वास्कोचा निवृत्त कामगार कार्यकर्ता

शिक्षक महाशयांनी बालपण उत्तम मांडले आहे. मी बंदरातल्या कामगार संघटनेत आयुष्य घालवले, त्यामुळे पेरॉन यांच्या पायाबद्दल लिहितो, कारण या साऱ्या कथेचा कणा तोच आहे असे मी मानतो.

४ जून १९४३ ला सैन्याने राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांचे सरकार उलथवले. त्याआधीची दहा-बारा वर्षे अर्जेंटिनात निवडणुकांतील उघड गैरप्रकारांवर उभ्या असलेल्या सरकारांची होती. कर्नल पेरॉन हे उठाव करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या गुप्त गटातील एक प्रमुख होते. सत्ता आल्यावर प्रत्येक अधिकारी मोठे खाते मागत होता, तेव्हा ऑक्टोबर १९४३ मध्ये पेरॉन यांनी राष्ट्रीय कामगार विभाग घेतला. त्या विभागाला ना पैसा होता ना अधिकार, कोणी त्याकडे ढुंकून पाहत नव्हते. काही आठवड्यांत त्यांनी त्याचे थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील सचिवालय करून घेतले.

याचा अर्थ समजण्यासाठी त्या वेळचा देश पाहावा लागेल. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पडले होते, मग महायुद्धामुळे परदेशी माल येणे थांबले आणि देशातच कारखाने वाढले. गावाकडची लाखो माणसे ब्युनॉस आयर्सच्या भोवतीच्या वस्त्यांत आली. मांस प्रक्रियेचे अवाढव्य कारखाने, कापड गिरण्या, धातूचे कारखाने यांतले हे नवे कामगार जुन्या संघटनांत नव्हते, आणि जुन्या पक्षांना त्यांची गरज वाटत नव्हती. पेरॉन यांनी या माणसांच्या पुढाऱ्यांना कार्यालयात बोलावून समोर बसवले. त्यांचे सहकारी मेर्कांते हे रेल्वे कामगाराचे चिरंजीव, त्यामुळे रेल्वे संघटनांची दारे त्यांच्यामुळे उघडली. सामूहिक करार झाले, मालकाने डावलले तर दाद मागायला कामगार न्यायालये आली, निवृत्तिवेतन आणखी व्यवसायांना लागू झाले, आणि १९४४ मध्ये शेतमजुरांसाठी पहिल्यांदा देशव्यापी नियम आले : किमान वेतन, रविवारची सुटी, राहण्याची व खाण्याची किमान व्यवस्था, कारणाविना कामावरून काढण्यास अटकाव.

या शेतमजुरांच्या नियमांबद्दल वाचताना मला नेहमी आपले कूळ आणि मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर घर करून राहणारे, आठवतात. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागे बहुजन समाज उभा राहिला, आणि १९६४ चा कूळ कायदा व नंतरचा मुंडकार कायदा आल्यावर भाटकारासमोर मान खाली घालून उभा राहणारा माणूस प्रथमच कागद दाखवून बोलू लागला. रक्कम किती मिळाली यापेक्षा आपले म्हणणे सरकारदरबारी कोणी तरी ऐकते, हा अनुभव माणसाला बांधून ठेवतो. पेरॉन यांनी अर्जेंटिनात तोच अनुभव दिला, एवढाच मर्यादित अर्थ मला यातून काढायचा आहे. दोन्ही राजवटी इतर बाबतींत सारख्या होत्या असे मी म्हणत नाही.

जे त्यांच्याकडे आले नाहीत त्यांची गत वाईट झाली हेही सांगितलेच पाहिजे. कम्युनिस्ट आणि स्वतंत्र बाण्याच्या संघटनांवर बंधने आली, त्यांचे नेते तुरुंगात गेले, आणि समांतर संघटना उभ्या करून त्यांना मान्यता देण्यात आली. फेब्रुवारी १९४४ मध्ये पेरॉन युद्धमंत्री झाले, जुलैमध्ये उपराष्ट्राध्यक्षही. तीन पदे एकाच माणसाकडे.

एवाशी भेट या चढणीच्या मध्येच झाली. १५ जानेवारी १९४४ ला सान हुआन शहरात भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे दगावली. पेरॉन यांनी मदतनिधीची मोहीम हाती घेतली, कलाकारांना त्यात ओढले, आणि २२ जानेवारीला लुना पार्क या बंदिस्त क्रीडागृहात झालेल्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लवकरच दोघे एकत्र राहू लागले, आणि हे त्यांनी लपवले नाही. त्याच वर्षी एवा रेडिओवरून कामगार सचिवालयाच्या कार्याचा प्रचार करू लागली. तारखा नीट पाहिल्या तर कामगारांशी पेरॉन यांचे नाते भेटीपूर्वीच सुरू झालेले दिसते. एवाने त्या नात्याला घराघरांत पोहोचणारा आवाज दिला.

फोंड्याची वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शेतमजुरांच्या नियमांचा भाग मला पूर्णपणे नवा होता. आता १७ ऑक्टोबरबद्दल कोणी लिहील का? आमच्या ज्येष्ठ सदस्यांचा सारा भर त्याच दिवसावर आहे.

उत्तर — मडगावचा इतिहास शिक्षक

तो आठवडा क्रमाने पाहू, कारण क्रमातच उत्तर आहे.

१९४५ च्या मध्यापर्यंत जर्मनी हरले होते, लष्करी सरकारला लोक कंटाळले होते, आणि अमेरिकेचे राजदूत स्प्रुइल ब्रेडन उघडपणे पेरॉन यांच्या विरोधकांना बळ देत होते. १९ सप्टेंबरला राज्यघटना आणि स्वातंत्र्य यांच्या नावाने राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला. सैन्यातही नाराजी होती. पेरॉन यांची महत्त्वाकांक्षा डोळ्यांवर येत होती, आणि एका नटीबरोबर लग्नाविना राहणारा अधिकारी अनेकांना खपत नव्हता. ठिणगी मात्र एका नेमणुकीने पडली. एवाच्या कुटुंबाचे स्नेही ओस्कार निकोलिनी यांना टपाल-तार खात्याचे प्रमुख नेमण्यात आले, आणि कांपो दे मायो छावणीचे प्रमुख जनरल आव्हालोस यांनी पेरॉन यांचा राजीनामा मागितला. ९ ऑक्टोबरला, पन्नासाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, पेरॉन यांनी सर्व पदे सोडली.

येथे विरोधकांची घोडचूक झाली असे मला वाटते. त्यांना जाता जाता सचिवालयातून भाषण करू दिले गेले आणि ते रेडिओवरून देशभर गेले. मिळवलेले हक्क आता धोक्यात आहेत, हे प्रत्येक कामगाराने त्यांच्याच तोंडून ऐकले. त्यानंतर त्यांना अटक करून मार्तिन गार्सिया बेटावर नेण्यात आले. तेथून १४ ऑक्टोबरला त्यांनी एवाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात राजकारणात परतण्याची भाषा नाही. सैन्यातून निवृत्ती घेऊ, लग्न करू आणि दूर कोठे तरी शांतपणे राहू, असा त्याचा आशय आहे. जो पुरुष स्वतः सारे आवरते घेण्याच्या विचारात होता, त्याला राजकारणात परत आणले ते बाहेरच्या माणसांनी.

ही माणसे म्हणजे कामगार संघटनांचे कार्यकर्ते. बेरिसोच्या मांस कारखान्यांतले सिप्रियानो रेयेस आणि त्यांचे साथी आधीच वस्त्या-वस्त्यांत फिरत होते. कामगारांच्या मध्यवर्ती महासंघाने १६ ऑक्टोबरला दीर्घ वादानंतर, काठावरच्या बहुमताने, १८ तारखेच्या सार्वत्रिक संपाचा ठराव केला. लोक तेवढे थांबले नाहीत. १७ ला सकाळपासून दक्षिणेकडील उपनगरांतून माणसे राजधानीकडे निघाली. पोलिसांनी रियाचुएलो नदीवरचे पूल उचलले तेव्हा कित्येक जण होड्यांनी पलीकडे गेले. संध्याकाळपर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या कासा रोसादा या वास्तूसमोरचे मैदान भरून गेले. दमलेल्या कामगारांनी कारंजाच्या हौदात पाय सोडून बसल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, आणि त्यांनी राजधानीतील सुखवस्तू लोकांना जो धक्का बसला तो फार काळ टिकला. पेरॉन यांना त्याआधीच प्रकृतीच्या कारणावरून लष्करी रुग्णालयात आणले होते. सरकारला गोळीबार करायचा नव्हता आणि जमाव हटत नव्हता. रात्री अकरानंतर पेरॉन सज्जात येऊन बोलले.

एवा त्या दिवशी काय करत होती? तिने वस्त्यांतून फिरून कामगारांना उठवले हे चित्र नंतरच्या सरकारी प्रचाराने रंगवले, आणि गंमत अशी नाही तर खेदाची गोष्ट अशी की, तिच्या शत्रूंनीही तिला सारा दोष देण्यासाठी तेच चित्र वापरले. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे आहे की तिचा वाटा किरकोळ होता. पेरॉन यांच्या सुटकेसाठी तिने धावपळ केली. पण कामगार संघटनांशी स्वतःचे असे नाते तिच्याकडे त्या वेळी नव्हतेच. संघटनांचे ते श्रेय एका व्यक्तीच्या नावावर जमा होणे मला अन्यायाचे वाटते, मग ती व्यक्ती कितीही मोठी असो.

२२ ऑक्टोबरला हुनीनमध्ये दोघांचा नोंदणी विवाह झाला आणि डिसेंबरात ला प्लाता येथे धार्मिक विधी झाला. विवाहाच्या वेळी एवाच्या जन्माची नोंद बदललेली होती : वर्ष १९१९ ऐवजी १९२२, आणि आडनाव वडिलांचे, दुआर्ते. आडनावाचा तो डाग अशा रीतीने पुसला गेला. २४ फेब्रुवारी १९४६ ला निवडणूक झाली. रेयेस आणि लुइस गाय यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला मजूर पक्ष हे पेरॉन यांचे मुख्य बळ होते, आणि राजदूत ब्रेडन यांच्या हस्तक्षेपामुळे त्यांना "ब्रेडन की पेरॉन" ही घोषणा आयती मिळाली. एवा प्रचाराच्या रेल्वेगाडीतून पतीबरोबर देशभर फिरली. उमेदवाराच्या पत्नीने असे करणे तेथे नवे होते. सुमारे ५३ टक्के मते मिळवून ते निवडून आले. ४ जून १९४६ ला त्यांनी पद स्वीकारले. पंधराच दिवसांनी, १८ जूनला, डॉ. राममनोहर लोहिया यांनी आमच्या मडगावात सभाबंदी मोडली; वर्गात शिकवताना मी या दोन तारखा शेजारी लिहितो, म्हणजे मुलांना काळ डोळ्यांसमोर येतो.

उत्तर — म्हापशाची पत्रकार

दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण त्यांतून एवा पतीच्या मागे चालणारी ठरते, आणि तेथे माझा मतभेद आहे. ऑक्टोबर १९४५ चे श्रेय तिच्याकडे नाही हे मान्य. तिची स्वतःची सत्ता मात्र १९४६ नंतर उभी राहिली, आणि ती तिने कामातून उभी केली.

पेरॉन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कामगार सचिवालयातली त्यांची रोजची बैठक मोडली. शिष्टमंडळांना भेटायचे कोणी, तक्रारी ऐकायच्या कोणी? एवाने आधी टपाल खात्याच्या इमारतीत आणि नंतर थेट सचिवालयात बसायला सुरुवात केली. तेथे एकीकडे संघटनांचे पुढारी येत आणि दुसरीकडे शिवणयंत्र, औषध, घर मागणाऱ्या बायका. ती रात्री उशिरापर्यंत त्यांना भेटत असे. तिला कोणतेही शासकीय पद नव्हते, आणि तरीही संघटनेचा नेता कोण राहील यावर तिचा शब्द चाले. १९४७ मध्ये तिने युरोपचा दौरा केला. स्पेन, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड यांबरोबर ती लिस्बनलाही गेली, जेथून त्या वेळी आपल्यावर सालाझारचे राज्य चालत होते. सप्टेंबर १९४७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा कायदा झाला. त्यासाठी अलिसिया मोरो दे हुस्तोंसारख्या समाजवादी स्त्रिया कित्येक वर्षे झगडत होत्या, हे विसरून सारे श्रेय एवाला देणे चुकीचे आहे. पण तो कायदा संसदेतून पार करून घेण्याचा रेटा तिचा होता. १९४८ मध्ये तिच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि रुग्णालये, शाळा, वृद्धाश्रम बांधू लागली. १९४९ मध्ये पक्षाची महिला शाखा तिच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. नोव्हेंबर १९५१ मध्ये अर्जेंटिनाच्या स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत प्रथमच मत दिले, तेव्हा २३ स्त्रिया कनिष्ठ सभागृहात आणि ६ सिनेटमध्ये निवडून गेल्या. आपल्या विधानसभेत आजवर एकाच वेळी किती स्त्रिया बसल्या आहेत हे आठवून पाहिले, तर या आकड्यांचे वजन कळते.

याची दुसरी बाजू मी पत्रकार म्हणून टाळू शकत नाही. ज्या मजूर पक्षाने पेरॉन यांना निवडून आणले तो मे १९४६ मध्ये, शपथविधीच्याही आधी, विसर्जित करण्याचा आदेश निघाला. लुइस गाय यांना १९४७ च्या सुरुवातीला महासंघाच्या नेतृत्वावरून जावे लागले. सिप्रियानो रेयेस यांनी स्वतंत्र राहण्याचा आग्रह धरला. १९४८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि १९५५ मध्ये पेरॉन यांचे सरकार पडेपर्यंत ते तेथेच होते. १९५१ मध्ये ला प्रेन्सा हे जुने, स्वतंत्र वृत्तपत्र सरकारने ताब्यात घेऊन कामगार महासंघाच्या हाती दिले. ज्यांनी दारे उघडली त्यांनाच बाहेर काढण्यात आले, आणि या कामात पती-पत्नी दोघेही सामील होते. एवावर प्रेम करणाऱ्यांनी हे तिच्या खात्यातून वगळू नये.

उत्तर — वास्कोचा निवृत्त कामगार कार्यकर्ता

पत्रकारताईंशी मी सहमत आहे. रेयेस यांचे नाव आल्याने बरे वाटले. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ती गोष्ट फार लागते.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नावर एक मुद्दा जोडतो. आपल्याकडची जोडपी वेगवेगळ्या मतदारसंघांतून उभी राहतात. दोघांनाही मते मागावी लागतात आणि दोघांनाही वेगळे पद मिळते. एवा एकदाही निवडून आली नाही. एकदा संधी आली होती. २२ ऑगस्ट १९५१ ला महासंघाने राजधानीच्या हमरस्त्यावर विराट सभा भरवून तिने उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारावी अशी मागणी केली. तिने वेळ मागितला, लोक हटेनात. सैन्याचा विरोध होता, कारण राष्ट्राध्यक्षाला काही झाले तर सेनादलांचे प्रमुखपद एका स्त्रीकडे गेले असते. आणि तोवर तिचा आजारही बळावला होता. ३१ ऑगस्टला तिने रेडिओवरून नकार कळवला. नोव्हेंबरच्या मतदानात तिने रुग्णालयातल्या खाटेवरून मत दिले, आणि २६ जुलै १९५२ ला, तेहतिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली.

म्हणून तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना माझ्या वतीने एवढे सांगा : १९४५ मध्ये पेरॉन यांना कामगारांनी परत आणले. १९४६ नंतर कामगारांना पेरॉन यांच्याशी बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः एवाने केले. पहिल्या गोष्टीचे श्रेय तिला दिले तर संघटनांवर अन्याय होतो, आणि दुसरी गोष्ट नाकारली तर तिच्यावर.

फोंड्याची वाचक

सर्वांचे आभार. पुढच्या चर्चेत हे सारे वाचून दाखवीन. पत्रकारताई, स्त्रियांच्या मताधिकारासाठी एवाच्या आधी झगडलेल्या स्त्रियांबद्दल आपण स्वतंत्रपणे लिहाल का? आमच्या वाचनालयातल्या मुलींना त्याची अधिक गरज आहे.